नेता लोकशाहीवर बोलतो तसा वागतो का? पुण्यात बसून पडताळणी करायची पद्धत

निवडणूक जवळ आली की माझ्या फोनवर एक ठरावीक व्हिडिओ येतो. दोन क्लिपा जोडलेल्या असतात. पहिलीत नेता संविधानाची प्रत हातात धरून बोलतोय, दुसरीत तोच नेता कुणाच्या तरी अंगावर खेकसतोय. खाली लिहिलेलं असतं, ‘बघा यांची लोकशाही’. पाठवणाऱ्याच्या मते पडताळणी झाली. मी विचारतो, पहिली क्लिप कोणत्या सालची, दुसरी कोणत्या सालची, आणि तेव्हा हा माणूस कोणत्या पदावर होता? समोरून हसणारी बाहुली येते, उत्तर येत नाही.

चूक बहुतेकांची एकच होते. निकाल आधी ठरतो आणि पुरावे मागाहून गोळा होतात. खालचा क्रम त्याच्या उलट आहे आणि तो मोडू नका. आधी वाक्य, मग अधिकार, मग कागद, मग नेत्याची बाजू, आणि निकाल सगळ्यात शेवटी. एका नेत्याला साधारण दीड महिना लागतो, त्यातला बराचसा वाट बघण्यात जातो. घाई असेल तर हे काम हातात घेऊ नका.

## तयारी : वही, एक माणूस, एक काळ

शंभर पानी वही घ्या. कॉम्प्युटरवर तक्ता केला तरी चालेल, पण वहीत मागची नोंद गुपचूप बदलता येत नाही, म्हणून मला वही बरी वाटते.

पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: नेत्याचं नाव, तपासायचा काळ, आणि त्या काळातली त्याची पदं तारखांसह. तारखा महत्त्वाच्या आहेत. विरोधी बाकावर असताना बोललेलं वाक्य आणि मंत्रिमंडळात असताना केलेली कृती यांची तुलना करायची तर पद कधी बदललं ते डोळ्यांसमोर हवं.

काळ पाच वर्षांपेक्षा जास्त घेऊ नका. ‘पहिल्यापासून आजपर्यंत’ असं ठरवून बसलेले लोक मी पाहिले आहेत, ते तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

आणि सुरुवात तुम्हाला न आवडणाऱ्या नेत्यापासून करू नका. ज्याला तुम्ही मत दिलं आहे तोच आधी घ्या. हात तिथे बसला की बाकीच्यांवर अन्याय होण्याची शक्यता कमी होते.

आधी हे बघा : हा तुमचाच लोकप्रतिनिधी आहे ना? पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ येतात, पण पुणे लोकसभेत त्यातले सहाच आहेत: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. हडपसर शिरूर लोकसभेत जातं, खडकवासला बारामतीत. धायरीत राहून पुण्याच्या खासदारावर तावातावाने बोलणारे अनेक भेटतात. तो त्यांचा खासदारच नसतो.

## टप्पा १ : तपासता येईल असं वाक्य निवडा

लोकशाहीवरची बहुतेक वाक्यं तपासता येत नाहीत. ‘लोकशाही आमच्या रक्तात आहे’ हे खोटं ठरवायला रक्ततपासणी करावी लागेल. अशी वाक्यं सोडून द्या.

दोन जातींची वाक्यं कामाची. पहिली जात वचनाची: समजा एखादा उमेदवार म्हणाला, ‘प्रभागातलं प्रत्येक मोठं काम नागरिकांना विचारून करीन.’ दुसरी जात नियमाची, म्हणजे नेता दुसऱ्याला उपदेश करतो तेव्हाची: ‘सभागृहात चर्चा न करता विधेयक रेटणं ही लोकशाहीची थट्टा आहे.’ ही दुसरी जात जास्त मोलाची. दुसऱ्यासाठी घातलेला नियम नेता स्वतःची पाळी आल्यावर पाळतो का, हे बघायला वेगळा मापदंड शोधावा लागत नाही. त्यानेच तो दिलेला असतो.

वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवा. ‘असं काहीसं म्हणाले’ चालणार नाही. समोर चार गोष्टी लिहा: तारीख, ठिकाण, समोर कोण होतं, आणि तेव्हाचं पद. मग त्याखाली एक ओळ: हे वाक्य खोटं ठरायचं असेल तर काय घडलेलं दिसायला हवं? ही ओळ लिहिता आली नाही तर वाक्य बदला.

पाच वाक्यं पुष्कळ झाली. वीस जमवलीत तर पुढच्या टप्प्यावर दम लागेल.

## टप्पा २ : मूळ भाषणापर्यंत जा

क्लिप हा पुरावा नाही, ती फक्त दिशा दाखवते. क्लिप कोणत्या सभेतली ते शोधा आणि पूर्ण भाषण ऐका. निदान त्या वाक्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच मिनिटं तरी ऐकाच. नेता अनेकदा विरोधकाचं म्हणणं आधी सांगतो आणि मग खोडून काढतो. कापणारा पहिला अर्धा भाग ठेवतो.

वर्तमानपत्रातलं अवतरण घेताना एक काळजी घ्या. मथळ्यातली अवतरणचिन्हं जागेसाठी आखडलेली असतात, आणि वार्ताहराने सारांशही तसाच चिन्हांत घातलेला असतो. एकाच सभेची बातमी दोन-तीन वर्तमानपत्रांत वाचा. शब्द जुळले तर घ्या.

जुन्या अंकांसाठी घराबाहेर पडावं लागेल. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय यांपैकी जवळ पडेल तिथे आधी फोन करून विचारा की तुम्हाला हवे ते अंक बांधीव फायलीत आहेत का आणि बाहेरच्याला बसून वाचता येतात का. तारीख माहीत नसताना जाऊ नका. एका महिन्याच्या फायली चाळायला अख्खी दुपार जाते.

सभागृहात बोललेलं वाक्य असेल तर तुमचं नशीब चांगलं. विधानसभा आणि विधान परिषदेच्या कामकाजाची नोंद होते, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ती पाहता येते, लोकसभेचीही तशीच. तिथलं वाक्य कुणी ‘विपर्यास केला’ म्हणून झटकू शकत नाही.

धोका : भाषांतरातून आलेलं वाक्य घेऊ नका. नेता मराठीत बोलला, इंग्रजी बातमी झाली, तिचं पुन्हा मराठी झालं, आणि ‘विचार करू’चं ‘करू’ झालं. यात मी दोनदा मार खाल्ला आहे.

## टप्पा ३ : त्याच्या हातात काय होतं?

सगळ्यात जास्त पडताळण्या इथे बुडतात. माणूस बोलला, गोष्ट झाली नाही, म्हणजे माणूस खोटा, असा हिशेब लोक करतात. ती गोष्ट करणं त्याच्या अधिकारात होतं का, हे बघतच नाहीत.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. मुदत वर्षाहून कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं अवघड असेल तरच सूट आहे. वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती. निवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ताबडतोब घ्यायला सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि पुणे जून २०२४ पर्यंत खासदाराविना राहिलं.

आता याचा जाब कुणाला विचारायचा? निर्णय निवडणूक आयोगाचा होता. तेव्हाच्या एखाद्या आमदाराला ‘तुम्ही लोकशाही गुंडाळली’ म्हणणं चूक आहे. पण ‘लोकांना प्रतिनिधी मिळालाच पाहिजे’ असं जो एरवी व्यासपीठावरून सांगतो, तो त्या चौदा महिन्यांत आयोगाला पत्र लिहून, सभागृहात, पत्रकारांसमोर काही बोलला का, हे विचारणं बरोबर आहे. बोलणं तर त्याच्या हातात होतं. प्रश्न त्याच्या अधिकाराएवढाच मोठा ठेवा.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आणि म्हणून जास्त शिकवणारं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ मार्चपासून प्रशासक आला. राज्यघटनेचं कलम २४३यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या जवळजवळ चार वर्षांत ‘निवडणुका तातडीने व्हायला हव्यात’ हे वाक्य शहरातल्या प्रत्येक पक्षाच्या कुणी ना कुणी म्हटलेलं सापडेल. मग उशीर केला कुणी?

इथे वहीत आडवी रेघ मारून तारखा लिहा. २०१२ ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागाने झाली. २०१७ ची चार सदस्यांच्या. डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा बदलून एक सदस्याचा वॉर्ड आणला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग ठरवला. पुण्यासाठी ५८ प्रभाग आणि १७३ जागा ठरल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने ते रद्द करून २०१७ ची रचना परत आणली. शेवटी निवडणूक झाली ती ४१ प्रभाग आणि १६५ जागांची. मध्ये ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तोही खरा अडथळा होता. पण मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी दुरुस्ती विधिमंडळात आली, तेव्हा सत्ताधाऱ्यांसोबत विरोधकांनीही तिला साथ दिली.

ही रेघ समोर ठेवून नेत्याचं वाक्य वाचा. तो आमदार होता का? मार्च २०२२ च्या दुरुस्तीवर सभागृहात काय बोलला? ‘एक वॉर्ड, एक नगरसेवक म्हणजे खरी जबाबदारी’ असं म्हणणारा पक्ष सत्तेत आल्यावर किती सदस्यांच्या बाजूने उभा राहिला? न्यायालयामुळे झालेला उशीर त्याच्या नावावर घालू नका. कायदा बदलण्याने झालेला घाला.

इथे थांबून बघा : प्रत्येक वाक्यासमोर ‘एकट्याच्या हातात’, ‘पक्षासोबत हातात’ किंवा ‘फक्त बोलणं हातात’ यांपैकी एक शेरा पडला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : कागद मिळवा

हा सगळ्यात लांबणारा टप्पा. पदाप्रमाणे कागद बदलतात.

नगरसेवक असेल तर. महापालिकेचं कामकाज कार्यपत्रिका (सभेपुढचे विषय), उपसूचना (त्यात सुचवलेले बदल), ठराव आणि इतिवृत्त (सभेची नोंद) या चार कागदांत असतं. हे नगरसचिव कार्यालयाकडे मिळतं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकाला कागदपत्रं पाहू द्यावीत अशी सोय पुणे महापालिकेने आधी सुरू केली, आणि २०१८ च्या शासन निर्णयाने ती राज्यभर लागू झाली. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. ओळखपत्र न्या, वही न्या, आणि विषय नेमका न्या.

नेमका म्हणजे ठराव क्रमांक आणि सभेची तारीख. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ‘झाडांच्या विषयावरचा ठराव दाखवा’ म्हणालो. कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कुठली झाडं, कुठलं साल?’ दोन तास संपले, माझ्या हाती काही नव्हतं आणि दोष माझाच होता. दुसऱ्या सोमवारी बातमीतून तारीख काढून गेलो. दोरीने बांधलेला गठ्ठा समोर आला, आणि त्यात मला हवा होता तो दिवस एका ओळीत संपलेला होता: श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. मी तोवर पारावर सगळ्यांना सांगून बसलो होतो की आमचे नगरसेवक त्या दिवशी मुद्दाम गैरहजर राहिले. सभाच झाली नव्हती.

तेव्हा हजेरी मोजताना झालेल्या सभा आणि तहकूब सभा वेगळ्या लिहा. आणि नुसत्या हजेरीला फार भाव देऊ नका. सही करून चहाला गेलेलाही हजर असतो.

नगरसेवकाचं लोकशाहीप्रेम तपासायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे अंदाजपत्रक. पुण्यात २००६-०७ पासून सहभागी अर्थसंकल्प आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात आपल्या भागातलं छोटं काम सुचवतात आणि निवडलेली कामं अंदाजपत्रकात येतात. दुसरीकडे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते. वर्षाच्या मधेच एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवतात, त्याला वर्गीकरण म्हणतात. आता ‘नागरिकांना विचारून काम करीन’ म्हणणाऱ्याची परीक्षा अशी घ्या: आपल्या प्रभागात नागरिकांनी सुचवलेली कोणती कामं अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आली, त्यातल्या कोणत्यांचा निधी वर्गीकरणात गेला, आणि त्या प्रस्तावाचा सूचक-अनुमोदक कोण होता. नावं ठरावावरच असतात. पादचारी मार्गाच्या दुरुस्तीचे पैसे स्वागत कमानीला गेलेले दिसले तर त्या नोंदीला टीकेची गरज उरत नाही.

आमदार असेल तर. मताची नोंद शोधायला निघाल तर बहुतेक वेळा हात रिकामे परततील. विधेयकं साधारणपणे आवाजी मतदानाने मंजूर होतात. कुणी मतविभाजन मागितलं तरच नावं नोंदली जातात. शिवाय व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे आमदारकी जाऊ शकते. म्हणून मत हा आमदाराच्या मनाचा कच्चा पुरावा आहे. तो चर्चेत काय बोलला, दुरुस्त्या सुचवल्या का, विधेयक समितीकडे पाठवा म्हणाला का, याला व्हिप तेवढा आड येत नाही. तेच वाचा.

खासदार असेल तर. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न आणि चर्चांचे आकडे मिळतात. इथे एक खड्डा आहे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये निवडून आल्यावर केंद्रात राज्यमंत्री झाले, त्यामुळे त्यांच्या नावापुढे हे रकाने रिकामे दिसणारच. ‘एकही प्रश्न विचारला नाही’ असा संदेश पुढे ढकलू नका. मंत्र्याची तपासणी त्याच्या खात्याने आणलेल्या विधेयकांवरून आणि दिलेल्या उत्तरांवरून करायची असते.

माहिती अधिकार कधी वापरायचा? सोमवारी मिळालं नाही तेव्हाच. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. ‘नगरसेवकांनी या विषयाला विरोध का केला नाही?’ याला उत्तर येईल, ‘माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’, आणि ते बरोबर असेल. कागद मागा. असं लिहा:

‘दि. … रोजीच्या मुख्य सभेतील विषय क्र. … संबंधी कार्यपत्रिका, त्यावर आलेल्या सर्व उपसूचना, सूचक-अनुमोदकांची नावे असलेला मंजूर ठराव व इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. दुसऱ्या अपिलाला खूप वेळ लागतो, तेव्हा त्यावर अडून राहू नका. वहीत ‘कागद मिळाला नाही’ लिहा. ‘लपवला’ लिहू नका.

## टप्पा ५ : किंमत मोजावी लागली ती वेळ शोधा

आतापर्यंतचं काम नीट केलं तर बरंच हाती लागलं असेल, पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. लोकशाहीने आपला फायदा होत असताना प्रत्येक जण लोकशाहीवादी असतो. तिने तोटा होत होता तेव्हा नेता कसा वागला, हेच बघण्यासारखं आहे. आपल्या बाजूला तोटा होईल अशा किमान तीन प्रसंगी नेत्याने काय केलं, हे शोधल्याशिवाय निकाल लिहू नका.

असे प्रसंग कुठे सापडतात? रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्यांपाशी. महाराष्ट्र विधानसभेला फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ पर्यंत अध्यक्ष नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधान परिषदेसाठी पाठवलेल्या बारा नावांवर राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही. सतराव्या लोकसभेला, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात, उपाध्यक्ष मिळाला नाही, आणि घटनेचं कलम ९३ तर ‘शक्य तितक्या लवकर’ निवडा म्हणतं. एका खुर्चीवर ओरडणारे दुसऱ्या खुर्चीवर गप्प बसलेले दिसतील, दोन्ही बाजूंचे. तुमचा नेता तिन्ही वेळा काय म्हणाला, ते शेजारी शेजारी लिहा.

दुसरी जागा, त्याचा स्वतःचा पक्ष. शहराध्यक्ष निवडून आला की वरून नाव आलं? उमेदवारी कशी ठरली? घराणेशाहीवर भाषण देणाऱ्याने आपल्या प्रभागात कुणाला तिकीट मिळवून दिलं, हे उमेदवारांच्या यादीत दिसतं. आडनावं वाचता आली म्हणजे झालं. निवडून आल्यावर पक्ष बदलला असेल तर राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे गेला का?

पैशाची जागा तिसरी. निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव जाहीर न करता देणगी द्यायची सोय, सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये कुणी घेतले, कुणाला मिळाले याच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. पारदर्शकतेवर बोलणाऱ्याच्या पक्षाने किती रक्कम घेतली ते तिथे आहे. पक्षाचा हिशेब एकट्या नेत्याच्या गळ्यात अडकवू नका, पण त्याने पक्षात यावर तोंड उघडलं का, हे विचारता येतं.

नगरसेवकासाठी सोपी कसोटी क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एका भागातल्या मतदारांची सभा. महापालिका कायद्यात २००९ पासून तिची तरतूद आहे. अशी सभा म्हणजे खुर्चीवर बसून दीडशे लोकांचे शिव्याशाप ऐकणं. ती भरवावी म्हणून नगरसेवकाने मुख्य सभेत विषय मांडला का, प्रशासनाला पत्र दिलं का?

आणि विरोधात निघालेला मोर्चा. नेत्याच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना पोलिसांच्या प्रतिबंधक नोटिसा जातात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ च्या, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ च्या. नोटीस पोलिसांची असते, तिचा ठपका थेट नेत्यावर ठेवू नका. तो नंतर आंदोलकांना भेटला का, निवेदन घेतलं का, एवढंच नोंदवा.

नेहमीची चूक : एकच वाईट प्रसंग सापडला की लोक शोध थांबवतात. तीन म्हणजे तीन. आणि तिन्ही एकाच वर्षातले नकोत.

## टप्पा ६ : नेत्याला विचारा

हा टप्पा लोक गाळतात, कारण भीती वाटते किंवा ‘काय उत्तर देणार’ असं वाटतं. जनसंपर्क कार्यालयात लेखी पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्रात विशेषण एकही नको. ‘आपण अमुक तारखेला असं म्हणालात. अमुक ठरावावर सूचक म्हणून आपलं नाव आहे. याबाबत आपली बाजू पंधरा दिवसांत कळवावी.’ बस.

उत्तर आलं की कधी कधी सगळं चित्र बदलतं. वर्गीकरण केलं कारण ते काम दुसऱ्या खात्याने आधीच पूर्ण केलं होतं, असं निघू शकतं. मग तो कागदही तपासा. ‘मतदान झालं की या’ असं कार्यालयातल्या पोराने सांगितलं तर तेही तारखेसह लिहा, पण ते नेत्याचं उत्तर धरू नका.

## टप्पा ७ : निकाल लिहा, गुण देऊ नका

‘लोकशाही : १० पैकी ४’ असलं काही करू नका. प्रत्येक वाक्याखाली तीन ओळी लिहा: काय बोलला, हातात काय होतं, काय केलं. चौथी ओळ त्याच्या उत्तराची. जुळलं, अर्धवट जुळलं, जुळलं नाही, किंवा कळायला मार्ग नाही, यांपैकी एक शेरा पुरतो. पाचातली दोन वाक्यं जुळतील, एक अर्धवट राहील. बहुतेकांचं असंच निघतं, आणि ते वाचायला कंटाळवाणं असलं तरी खरं असतं.

‘ढोंगी’, ‘हुकूमशहा’, ‘विकला गेला’ हे शब्द काढून टाका. एक तर त्यांचा पुरावा तुमच्या वहीत नाही. दुसरं, बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अजून शाबूत आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी मजकूर अशा एका माणसाला वाचायला द्या जो त्या नेत्याचा भक्त आहे. आमच्याकडे हे काम तळमजल्यावरचे काका करतात. ते लाल पेन घेऊन बसतात आणि दर वेळी एखादी तारीख चुकलेली सापडतेच. त्यांनी खोडलेलं मी आधी तपासतो, मग रागावतो.

ठरावांच्या प्रती, पत्राची पोच, स्टॅम्प लावलेल्या अर्जाची झेरॉक्स एका फायलीत लावा आणि वर तारीख टाका. कुणी ‘पुरावा दाखवा’ म्हटलं तर फाईल दाखवता आली पाहिजे, स्क्रीनशॉट नव्हे. महापालिका आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे गेलं की त्या प्रभागाची पानं पुन्हा काढा. गेल्या वर्षी नागरिकांनी सुचवलेलं काम यंदाच्या पुस्तकात आहे का, ते बघून वहीत पुढची ओळ लिहा.